निळ्या माणसाची हकीकत

इलाही मास्तर माझ्या दुकानात आले ते नोकरी मागायला नव्हे, तक्रार घेऊन.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असावा. माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान तोवर डबघाईला आलं होतं. घरोघर टीव्ही पोचला होता आणि रेडिओ बिघडला तर लोक तो माझ्याकडं आणण्याऐवजी माळ्यावर टाकून देत. म्हणून मी दुकानाचा पुढचा अर्धा भाग मोकळा केला आणि मुंबईहून व्हिडिओ गेमचं एक वापरलेलं मशीन आणून मांडलं. कपाटाएवढं धूड, पुढं काच, काचेखाली एक दांडी आणि दोन बटणं. नाणं टाकलं की काचेत बुरूज दिसायचा. बुरजाच्या तळाशी एक निळा माणूस. माणूस कसला, काही निळे चौकोन एकावर एक ठेवलेले. दांडी ढकलली की तो पायऱ्या चढायला लागायचा. वरून गोल धोंडे गडगडत यायचे, ते उड्या मारून चुकवायचे. धोंडा लागला की तो पालथा व्हायचा आणि मशीनमधून एक निर्लज्ज शिट्टी वाजायची. बुरजाच्या टोकाला पिवळी खिडकी होती. तिथवर कोणी पोचलंच तर काच काळी व्हायची आणि पुन्हा तोच बुरूज, तोच माणूस, फक्त धोंडे आणखी जोरात.

ह्या मूर्खपणापुढं कोल्हापूरची तरणीताठी माणसं रांग लावून उभी राहत होती. मला त्याचं वाईट वाटायचं कारण नव्हतं. दुकान माझं होतं.

एका दुपारी रांगेच्या मागून वहाणांची करकर ऐकू आली. ती करकर मी ओळखत होतो. पांढरा पायजमा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, काळी टोपी असे इलाही मास्तर रांगेला वळसा घालून मशीनजवळ आले आणि हात मागं बांधून बराच वेळ काचेत बघत राहिले. मग माझ्याकडं वळले.

"सुभाषराव, ह्यो वर कशाला चाललाय?"

"कोण?"

"ह्यो निळा."

"खेळ हाय मास्तर. वर जायचं, बस्स."

"आसं कसं बस्स? धोंडं खातोय, पडतोय, परत उठतोय. बिनकामाचं कोण आसं करंल व्हय? वर खिडकीत काय हाय?"

"काय न्हाय. पिवळा रंग हाय."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच त्या माणसाला फसवून बुरजाखाली नेऊन उभं केलंय. "म्हंजे हकीकतच न्हाय," ते म्हणाले. "माणूस मरतुया, आनि त्येच्यामागं हकीकत न्हाय. वर तुमी खेळाचा बोर्ड लावलाय!"

हकीकत हा मास्तरांचा खास शब्द. तो मी सिनेमाच्या स्टुडिओत जायचो तेव्हापासून ऐकत आलो होतो. साठ-सत्तरच्या त्या वर्षांत कोल्हापुरात सिनेमे निघत, आणि एका स्टुडिओतले माइक, ॲम्प्लिफायर दुरुस्त करायला आधी माझे वडील आणि पुढं मी जात असू. मास्तर तिथं कथा विभागात होते. कथा त्यांची नसे, संवादही नसत, आणि पडद्यावर त्यांचं नाव कधी झळकलं नाही. त्यांचं काम एवढंच की शॉट लागायच्या आधी नटाला कोपऱ्यात घेऊन त्याच्या भूमिकेची मागची हकीकत सांगायची. सिनेमा सुरू होण्याआधी हा माणूस काय करत होता, त्याचा बाप कसा होता, त्याला झोप लागते का. हे काम त्यांना कोणी दिलं होतं की त्यांनी आपल्या मनानंच काढलं होतं, हे स्टुडिओत कोणी सांगू शकलं नसतं. पण मोठमोठे नट शॉटच्या आधी हळूच विचारायचे, "मास्तर कुठं हायत?"

एकदा मी तिथं असताना झालेला तमाशा मला अजून आठवतो. तहानलेला हिरो गावात शिरतो आणि एक बाई त्याला पाणी देते, असा टीचभर प्रसंग होता. बाई रोजावर आणलेली. तिला बोलायचंही काही नव्हतं. मास्तरांनी तिला बाजूला नेलं आणि सांगितलं, तुझा भाऊ फौजेत गेला तो परत आला न्हाय, आनि ह्या माणसाचा चेहरा हुबेहूब त्याच्यासारखा हाय. कॅमेरा सुरू झाला. बाईनं हिरोच्या हातावर पाणी घातलं आणि त्याचं मनगट धरून अशी हंबरडा फोडून रडायला लागली की हिरो आपलं वाक्य विसरला, लाइटवाला शिडीवरून खाली उतरला आणि दिग्दर्शकानं हातातली फाइल जमिनीवर आपटली.

"मास्तर, ती पाणी देणारी बाई आहे! तिला भाऊ कशाला?"

"भाऊ न्हाय तर ती वळख ना पाळख त्येला पाणी का दील?"

"त्याला तहान लागलीय म्हणून देईल! आपल्याकडं देतात!"

 मास्तरांनी चार दिवस विचार करून स्वतःसाठी एक नियम बांधला. तो पुढं मला शंभरदा ऐकवला असेल. "हिरोला हकीकत किती पायजे? वहाणंतल्या करकरीएवढी. डोळ्याला दिसाय नगं. पण चालला की कळाय पायजे, कोन आला."

त्यांच्या वहाणा खरोखरच तशा होत्या. एकाच कारागिराकडून ते त्या मुद्दाम करून घेत, तळव्याच्या चामड्यात आवाजासाठी काहीतरी शिवून घेतलेल्या. पाऊल टाकलं की करर्र. स्टुडिओत चित्रीकरण चालू असताना त्यांना त्या दाराबाहेर काढून ठेवाव्या लागत. पण त्या वहाणांवर त्यांचा जीव होता आणि त्याचं कारण ते लाजत लाजत सांगत. बोळाच्या तोंडाशी करकर झाली की घरातून चाचीचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज यायचा, "आये क्या तुमे?" आणि ते उंबऱ्यावर पोचेतो चहा चुलीवर चढलेला असायचा. मास्तर बाहेर सगळ्यांशी मराठी बोलत, चाचीही बोलायची. पण घरात दोघांची आपली दखनी. आयुष्यभर चहाच्या आधी हाच एक प्रश्न आणि त्याला हेच एक उत्तर, "आया."

ते तक्रार घेऊन आले तोवर स्टुडिओला कुलूप लागल्यात जमा होतं. मास्तरांना काम नव्हतं आणि चाचीचं बरं नव्हतं. बरं नव्हतं म्हणजे ती विसरायला लागली होती. आधी भाजीतलं मीठ, मग शेजारणीचं नाव, मग आपण कुठल्या पेठेत राहतो ते. डॉक्टरनं वयावर ढकललं आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. मास्तरांचं घर माझ्या दुकानामागच्या बोळात. त्यांना घराजवळचं काम हवं होतं, अधूनमधून जाऊन तिला बघता येईल असं. मला रांगेतली भांडणं सोडवायला कोणीतरी हवंच होतं. ती तक्रार ऐकता ऐकताच मी त्यांना मशीनशेजारचं स्टूल देऊन टाकलं.

हे स्टूल त्यांनी गादीसारखं चालवलं. सकाळी आले की काच रुमालानं पुसायचे. खेळणारा निळ्या माणसाला शिवी द्यायला लागला की त्याचा हात दांडीवरून उचलून बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "आई-बापाचा हाय त्यो बी." निळा माणूस मेला, असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. पडला म्हणायचं. आणि अर्थातच, आठवडाभरात त्यांनी त्याला हकीकत दिली.

नाव मात्र दिलं नाही. "नाव सांगितलं की लोक वळख काढत बसतील, कुठल्या पेठंतला, कुणाचा कोण." प्रत्येक नव्या माणसाच्या कानाशी वाकून ते हलक्या आवाजात सांगायचे, "ह्यो बिद्रीला कामाला असतोय. कारखान्यावर. सणाला घरी निघालाय. येष्टी चुकली, म्हणून चालत आलाय. ती वरची खिडकी बघा, दिवा दिसतोय न्हवं? तिथं आई हाय त्येची. ताट झाकून बसलीया."

एवढंच. मला वाटलं, म्हातारबुवांची हौस आहे, होऊ दे. पण माझ्या धंद्याची त्यांनी त्या चार वाक्यांत वाट लावली.

दिनकर पैलवान नावाचा एक आडदांड गडी जवळच्या तालमीतून रोज यायचा. मान मांडीएवढी, आवाज म्हशीला हाक मारावी तसा. हकीकत ऐकल्यावर त्यानं नाणं टाकलं, दांडी धरली आणि नुसताच उभा राहिला. धोंडे पायऱ्यांवरून येत होते आणि तळाच्या कोपऱ्याला वळसा घालून निघून जात होते. तळाशी निळा सुरक्षित होता. पैलवान त्याला हलवेचना.

"आरं ढकल की दांडी," मागचे ओरडले.

"पडंल की त्यो," पैलवान म्हणाला.

"मग पडू दे!"

"आन् त्येची आई?"

मशीनमध्ये वेळेची मर्यादा होती, ती संपली की खेळ आपोआप संपायचा. पैलवान तेवढा वेळ त्या निळ्याला कोपऱ्यात उभा करून त्याच्याकडं बघत राहिला आणि मग मान खाली घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा तेच. कॉलेजची पोरं आधी त्याला हसली, मग त्यांच्यातलाही एकेक जण तसंच करायला लागला. खेळायला येऊन न खेळणारी माणसं मी जगात पहिल्यांदा माझ्याच दुकानात बघितली. रांग पुढं सरकेना. लोक कंटाळून जायला लागले. मी कपाळाला हात लावला.

"मास्तर, कायतर कापा ह्यातलं. त्येला एवढी हकीकत सोसत न्हाय."

मला वाटलं रागावतील. पण त्यांचा चेहरा कामाचा झाला, स्टुडिओतल्यासारखा. "बरुबर हाय तुमचं. लांबली जरा." त्यांनी कारखाना काढला, चुकलेली येष्टी काढली. 'सणाला घरी निघालाय, वर आई हाय,' एवढं ठेवलं. काही फरक पडला नाही. मग ताट काढलं, सण काढला. शेवटी फक्त एवढं उरलं, "आई जागी हाय." आणि त्यानं तर कहरच झाला. ज्यांना लांबलचक हकीकत ऐकून काही वाटलं नव्हतं तेही आता दांडी सोडून उभे राहू लागले.

मास्तर ह्यावर खूश व्हायला हवे होते. ते मात्र घाबरल्यासारखे दिसले. "जितकी कमी करावी तितकी जास्त लागती, सुभाषराव. स्टुडिओत असताना मला ह्ये कळलं न्हाय." मग काही दिवसांनी त्यांनी हकीकत सांगणंच बंद केलं. नवा माणूस आला की ते काचेकडं पाठ करून बसू लागले. धंदा पूर्ववत झाला. निर्लज्ज शिट्टी दिवसभर वाजू लागली. मी एकदा सहज म्हणालो, "निळ्याचं काय झालं मास्तर, आई झोपली काय?" त्यांचे डोळे बघून मला माझी जीभ चावावीशी वाटली.

त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी, दुकान बंद ठेवून मी आत आवराआवर करत असताना, ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काखेत धरून आले. स्टुलावर बसले आणि मला सगळं सांगितलं. सांगताना एकदाही रडले नाहीत.

काही महिन्यांपूर्वी ते दुपारी घरी गेले. वहाणा वाजल्या, आतून नेहमीसारखं "आये क्या तुमे?" आलं. ते "आया" म्हणत आत शिरले. चाचीनं वर बघितलं, चटकन डोक्यावरून पदर ओढला, आणि मराठीत म्हणाली, "कोन पायजे, पावणं? मालक घरात न्हाईत."

"मराठीत म्हणाली," मास्तर मला म्हणाले. "घरात. मला."

मग त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. तिच्यासमोर बसून स्वतःची हकीकत सांगितली. चाची कुरुंदवाडची. तिथं निकाहाच्या दिवशी मास्तरांच्या नव्या वहाणा चोरीला गेल्या आणि सासऱ्यानं स्वतःच्या दिल्या, त्या एवढ्या मोठ्या की नवरदेव पाय घासत चालला आणि आतल्या बायका हसून हसून बेजार झाल्या. हे ऐकून चाची हसली. तिला हळूहळू ओळख पटत गेली. मग हकीकत पुढं गेली आणि तिच्यात इक्बाल आला. त्यांचा एकुलता एक मुलगा. शिकला, बिद्रीला नोकरीला लागला, सणासुदीला घरी यायचा, आणि लग्न ठरायच्या वर्षी काविळीनं गेला. चाचीनं हे ऐकलं ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. ऊर बडवून घेतला. शेजारणी धावून आल्या. रात्री थकून झोपली आणि सकाळी पुन्हा पदर ओढून म्हणाली, "कोन पायजे?"

मास्तरांनी पुन्हा हकीकत सांगितली. पुन्हा हसली, पुन्हा ऊर बडवला. रोज तिचा मुलगा नव्यानं मरत होता आणि रोज ते तिला ती बातमी देत होते. तेव्हा त्यांनी त्यातला मृत्यू कापला. इक्बाल बिद्रीला हाय, असं सांगितलं. मग ती जेवेना. इक्बाल आल्यावर जेवते म्हणून ताट झाकून दारात बसायची, अंधार पडला तरी उठायची नाही.

बिद्री, सण, झाकलेलं ताट.  इतके दिवस माझ्या दुकानात कोण पालथं पडत होतं ते मला तेव्हा कळलं.

"मग मी त्येला पुरताच काढला," मास्तर म्हणाले. "आपल्याला पोरबाळ न्हाय, आसं सांगितलं. गप जेवली. आता काय तरास न्हाय." त्यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी माझ्यापुढं केली. "ह्यो भिंतीवर होता. ती इचारती, ह्यो कोन म्हणून. तुमच्याकडं ठेवा."

इक्बालचा फोटो होता. नीट भांग पाडलेला, गालात हसू दाबून धरलेला तरुण. मी तो रेडिओच्या जुन्या व्हॉल्व्हच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवला. मास्तर म्हणाले, पालथा ठेवा. मी पालथा ठेवला.

असं एखाद्या माणसाचं व्हावं ह्याचा मला संताप येत होता, पण कोणावर काढणार? डॉक्टर काही चुकला नव्हता, चाची चुकली नव्हती. मी मास्तरांना म्हणालो, "तुम्ही केलं ते बरोबर केलं." ते म्हणाले, "बरुबर केलं, पण आता त्यो माझ्या एकट्याच्याच ध्यानात हाय. उद्या मी गेलो की त्यो झालाच न्हवता." 

ह्याहून वाईट काही होणार नाही असं मी धरून चाललो होतो. उन्हाळ्यात एक दिवस मास्तर दुपारी घरी जायला निघाले आणि वहाणा स्टुलाखाली काढून ठेवून अनवाणीच चालायला लागले. बाहेर डांबर वितळत होतं.

"मास्तर, वहाणा!"

"राहू द्यात हितंच."

परत आले तेव्हा तळवे लाल झाले होते. मी पाणी दिलं आणि दटावून विचारलं. तेव्हा सांगितलं. त्या आठवड्यात चाचीनं दारात आलेल्या ह्या पावण्याला पाणी दिलं होतं आणि कोणी न विचारता, आपणहून बोलायला लागली होती. आमचा पोरगा बिद्रीला असतोय. लई गुणाचा. येतोय आता सणाला. मास्तरांनी त्याला मुळासकट काढला होता, फोटोसुद्धा घरात ठेवला नव्हता. तरी तो आला. धडधाकट, जिवंत, पगार घेऊन.

"मी ऐकतच बसलो," मास्तर म्हणाले. "त्येचं बोलणं, त्येचं खाणं, समदं बारीकसारीक सांगत हुती. मला बी ठावं न्हवतं आसलं किती तर. मग मी भीत भीत इचारलं, आनि भाभी, तुमचे मालक?"

त्यांनी रुमालानं उगाच मशीनची काच पुसली.

"म्हणाली, ते गेले. कवाच गेले. लई वर्सं झाली."

दुकानात खेळणारं कोणी नव्हतं. काचेत निळा माणूस तळाशी उभा होता.

"मग तुम्ही सांगायचं न्हाय व्हय, मीच त्यो म्हणून?"

"सांगून काय करू? मी जित्ता झालो की मागनं खरं बी येणार. इक्बालचं बी येणार. आमी दोघं एकदम तिच्या हकीकतीत बसत न्हाय, सुभाषराव. एकाला काढाय पायजे." त्यांचा आवाज अगदी सरळ होता, सीन लांबला तर कुठं कात्री लावायची हे सांगावं तसा. "तर मग मला काढलेलं बरं. आईच्या हकीकतीत पोरगा ऱ्हायला पायजे."

"आणि वहाणा?"

"करकर ऐकली की धावत दारात येती. आये क्या तुमे, म्हणती. आनि मला बगती." त्यांनी स्वतःच्या पायांकडं पाहिलं. "परवा म्हणाली, माझ्या मालकांच्या वहाणा तुमच्या पायात कशा?"

मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. 

पुढचे काही महिने ते रोज सकाळी यायचे, काच पुसायचे, आणि दुपारी वहाणा स्टुलाखाली सरकवून अनवाणी घरी जायचे. तिथं काय होत होतं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. एवढं मात्र दिसत होतं की ते दिवसेंदिवस कमी होत चालले होते. कोट खांद्यावर लोंबायला लागला. हकीकत हा शब्द तोंडात यायचा बंद झाला. रांगेत भांडणं झाली तर सोडवायला उठायचे नाहीत. एकदा दिनकर पैलवान आला, मशीनकडं न बघता मास्तरांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "मास्तर, त्यो घरी पोचला काय वो शेवटी?" मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. 

मशीनचं नवंपण ओसरलं, शहरात आणखी चांगली मशीनं आली, आणि मी ते धूड सांगलीच्या एका माणसाला देऊन टाकलं. टेम्पो येऊन ते उचलून घेऊन गेला तेव्हा मास्तर रस्त्यावर उभे राहून बघत होते. टेम्पो वळल्यावर त्यांनी टोपी नीट केली, मला म्हणाले, "बरं हाय, येतो मग," आणि बोळाकडं चालायला लागले. स्टूलही आता राहणार नव्हतं. त्यांच्या वहाणा मात्र तिथंच होत्या.

मी वहाणा उचलल्या. कपाटातून इक्बालचा फोटो काढला. ह्या दोन वस्तू त्यांच्या त्यांना देऊन टाकाव्यात म्हणून त्यांच्या मागोमाग निघालो. भर दुपारची वेळ, बोळात चिटपाखरू नव्हतं. ते माझ्यापुढं होते. अनवाणी पावलांचा काही आवाज येत नव्हता. मी हाक मारणार, तेवढ्यात ते स्वतःच्या घरासमोर थांबले. दार लोटलेलं होतं, ढकललं असतं तर उघडलं असतं. त्यांनी ढकललं नाही. कोटाची बटणं चाचपली, कडी वाजवली आणि दोन पायऱ्या खाली उतरून पाहुण्यानं उभं राहावं तसे अंग चोरून उभे राहिले.

"कोन हाय?" आतून चाचीचा आवाज आला.

मास्तरांनी घसा साफ केला.

"पावणा हाय, भाभी. बिद्रीवरनं आलोय. तुमच्या इक्बालचा सांगावा हाय, बरा हाय म्हणून."

दार सताड उघडलं. चाचीचा चेहरा मी बऱ्याच दिवसांनी बघत होतो. तिनं डोक्यावर पदर घेतला होता आणि ती हसत होती. "आवं मग हुबं का? या की, या, आत या. उनाचं आलासा, बसा. पाणी आणते."

मास्तर आत गेले नाहीत. उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसले, परका माणूस बसतो तसे, अर्धे. ती तांब्या घेऊन आली. त्यांनी ओंजळ पुढं केली आणि ती वरून पाणी घालत राहिली.

मी फोटो आणि वहाणा पाठीमागं धरून भिंतीला टेकून उभा होतो. पुढं पाऊल टाकायचं मला धाडस झालं नाही.

"वेळंवर जेवतो का हो त्यो?" चाचीनं विचारलं.

मास्तरांनी ओंजळीतून तोंड वर केलं. "जेवतो की," ते म्हणाले.